चिमूटभर सी. एम. सी.

आमच्या काकूची पाककृतींची एक जाड वही होती. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातलेली, पानापानावर तुपाचे डाग पडलेली. त्या वहीत आइस्क्रीमच्या पानावर दूध, साखर आणि कॉर्नफ्लोअर यांच्याखाली दोन नावे लिहिली होती. एखाद्या सरकारी खात्याची आद्याक्षरे वाटावीत अशी : जी. एम. एस. पावडर आणि सी. एम. सी. पावडर. पहिली दोन चमचे, दुसरी फक्त पाव चमचा. दुसरीच्या पुढे ठळक रेघ मारून सूचना होती, ‘साखरेत मिसळूनच घालणे, नाहीतर गुठळ्या होतात.’

ज्यांच्या घरी मे महिन्यात आइस्क्रीमचा घाट घातला जायचा, त्यांना ही दोन नावे ओळखीची असतील. केकचे सामान मिळते त्या दुकानात छोट्या पुड्यांमधून या पावडरी मिळतात. ते नेमके काय असते, हे विचारायच्या भानगडीत मात्र फारसे कोणी पडत नाही. मी एकदा काकूला विचारले होते. ती म्हणाली, ‘‘जी. एम. एस.ने आइस्क्रीम फुलून येतं आणि सी. एम. सी.ने त्यात बर्फाची कचकच होत नाही.’’

काकूचे उत्तर बरोबर होते. पण ती कचकच का होते आणि पाव चमचा पावडरीने ती का थांबते, हे शास्त्रज्ञांना कळायला बराच काळ जावा लागला. आज त्या पाव चमच्याची गोष्ट सांगायची आहे. ती आइस्क्रीमपासून सुरू होते आणि माणसाच्या रक्तापर्यंत जाते.

आमच्या लहानपणी आइस्क्रीम पॉटमध्ये होत असे. लाकडी बादली, मधे दुधाचे भांडे, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि वर फिरवायचा दांडा. पोरांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा, हात भरून आले की मोठ्यांनी. अशा दांड्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतले होते. या पॉटच्या आइस्क्रीमला सी. एम. सी. लागत नसे, कारण ते उरतच नसे. झाकण उघडल्यापासून अर्ध्या तासात भांडे चाटूनपुसून साफ. कुल्फीचेही तसेच. दूध आटवून आटवून तिच्यातले पाणीच इतके कमी केलेले असते, की बर्फाला फारसा वाव राहत नाही.

अडचण आली ती आइस्क्रीम साठवायची वेळ आली तेव्हा. घरात फ्रीज आला, आज केलेले आइस्क्रीम आठवडाभर पुरवून खायची सोय झाली. पण चौथ्या-पाचव्या दिवशी डबा उघडावा, तर पहिल्या दिवशीचे लोण्यासारखे आइस्क्रीम रवाळ झालेले. दाताखाली खडे यावेत तसे. आपण म्हणतो, ‘बर्फ झाला.’ खरे तर बर्फ पहिल्या दिवसापासूनच होता. आइस्क्रीम म्हणजे बर्फाचे अगणित बारीक स्फटिक, हवेचे बुडबुडे, स्निग्धांशाचे कण आणि या सगळ्यांच्या मधे न गोठलेला साखरेचा दाट पाक. चांगल्या आइस्क्रीममधला बर्फाचा स्फटिक साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते तिसाव्या भागाएवढा असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. इतका बारीक खडा जिभेला जाणवत नाही. तोच मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या पुढे गेला, की जीभ लगेच तक्रार करते.

म्हणजे चार दिवसांत बर्फाचे एकूण वजन फारसे वाढलेले नसते. वाढलेला असतो एकेका स्फटिकाचा आकार, आणि त्या प्रमाणात स्फटिकांची संख्या घटलेली असते. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे तसा प्रकार. कारण सोपे आहे. लहान स्फटिकाचा पृष्ठभाग जास्त वळलेला असतो, त्यामुळे कडेच्या रेणूंना शेजाऱ्यांचा आधार कमी मिळतो आणि ते लवकर सुटतात. फ्रीजचे दार उघडले, वीज गेली, तापमान अंशभर वर चढले, की बारक्या स्फटिकांचे पाणी होते. तापमान परत खाली आले, की हे पाणी नवा स्फटिक करण्याच्या भानगडीत न पडता जवळच्या मोठ्या स्फटिकावर जाऊन बसते. भारनियमनाच्या दिवसांत फ्रीजमधल्या आइस्क्रीमची जी दशा व्हायची, ती यामुळे. लहान कण विरघळून मोठे कण वाढण्याच्या या क्रियेचा अभ्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला होता, आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. बर्फाच्या बाबतीत तिला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण पुढे तो लागणार आहे.

आता सी. एम. सी.कडे वळू. हे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे लघुरूप. सेल्युलोज म्हणजे झाडांचा सांगाडा. कापूस, लाकूड, कागद, ज्वारीचा कडबा, सगळीकडे तेच. रसायनाच्या भाषेत ही ग्लुकोज साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ. अशा माळांना पॉलिसॅकराइड म्हणतात. तांदळातला किंवा मक्यातला स्टार्चही ग्लुकोजच्याच माळांचा, फक्त मणी ओवण्याची पद्धत वेगळी. या एका फरकामुळे भात आपल्याला पचतो आणि सदरा पचत नाही. सेल्युलोजच्या माळा एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात, की पाण्याला मधे शिरायला जागा मिळत नाही. म्हणून कापूस भिजतो, पण विरघळत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८च्या सुमारास, जर्मनीत रसायनशास्त्रज्ञांनी या माळांमध्ये ढवळाढवळ केली. लाकडाचा लगदा किंवा सरकीला चिकटून राहणारा आखूड कापूस कॉस्टिक सोड्यात भिजवायचा आणि त्यावर क्लोरोअॅसेटिक आम्लाची क्रिया करायची. माळेतल्या मण्यांना मग जागोजाग नवे तुकडे जोडले जातात. या तुकड्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, माळा सुट्या होतात, आणि कालपर्यंत पाण्याला दाद न देणारे सेल्युलोज पाण्यात विरघळून खळीसारखे दाट होते. काकूच्या वहीतली गुठळ्यांची ताकीद याच गुणामुळे. पावडर एकदम पाण्यात टाकली, तर प्रत्येक कणाचा बाहेरचा थर क्षणात चिकट होतो आणि आतला भाग कोरडाच राहतो. साखरेत मिसळल्याने कण एकमेकांपासून लांब राहतात.

सुरुवातीला या पदार्थाकडे कोणी आइस्क्रीमसाठी पाहिले नव्हते. युद्धात आणि युद्धानंतर जर्मनीत टंचाई होती, आणि खळ, डिंक, जिलेटिन यांना पर्याय हवे होते. पुढे १९३०च्या दशकात तो कपडे धुण्याच्या पावडरीत गेला, कारण निघालेला मळ पुन्हा कपड्यावर बसू नये हे काम तो छान करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतही त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि मग तो आइस्क्रीमच्या कारखान्यांत शिरला. त्याआधी तिथे जिलेटिन वापरत, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले प्रथिन. आपल्याकडच्या शाकाहारी घरांमध्ये सी. एम. सी.ची पुडी बिनदिक्कत शिरली, त्याला हेही एक कारण असावे असे मला वाटते. आज टूथपेस्टमध्ये, औषधाच्या गोळ्यांत, तेलविहिरी खणताना वापरायच्या चिखलात, सगळीकडे तो असतो. कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टर जे थेंब लिहून देतात, त्यांच्या बाटलीवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचा. बहुतेकदा तिथेही हेच नाव सापडेल. आइस्क्रीमच्या डब्यावर तो ‘४६६’ या आकड्याआड असतो. शेजारी बऱ्याचदा ‘४१२’ असतो. तो राजस्थानच्या गवारीचा डिंक.

हा पदार्थ नेमका काय करतो, याबद्दल कारखानदारांचा एक आवडता खुलासा होता : ‘तो पाणी धरून ठेवतो.’ पाणी धरले म्हणजे ते गोठायला मोकळे राहत नाही, म्हणून बर्फ कमी. ऐकायला पटणारा आणि चुकीचा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातील डग्लस गॉफ आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड हार्टेल यांनी १९९०च्या दशकापासून आइस्क्रीम सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून याचा पिच्छा पुरवला. असे डिंक घातले तरी गोठणबिंदू जवळपास तोच राहतो, गोठणाऱ्या पाण्याचे प्रमाणही तेच. फरक पडतो तो नंतर, साठवणीत. तापमान वरखाली होत असताना डिंक घातलेल्या आइस्क्रीममधले स्फटिक सावकाश वाढतात. बर्फ होताना पाणी बाजूला निघते आणि उरलेल्या पाकात साखर व डिंक दाटत जातात. या दाट चिखलातून पाण्याच्या रेणूला एका स्फटिकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो. पण नुसता दाटपणा म्हणावा, तर सारखेच दाट असणारे दोन डिंक सारखे काम करत नाहीत. म्हणजे आणखीही काही घडत असले पाहिजे. ते काय, याचा धागा मिळाला तो आइस्क्रीमपासून फार दूर, बर्फाळ समुद्रात.

कॅनडाच्या ईशान्य टोकाला लॅब्रॅडॉर नावाचा प्रदेश आहे. गोठवलेल्या अन्नाच्या इतिहासात तो दोनदा येतो. १९१२ ते १९१५च्या दरम्यान क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस तिथे राहिला होता. तिथले स्थानिक लोक मासे पकडून कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवत, मासे झटकन गोठत, आणि काही महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागत. झटकन गोठले की स्फटिक बारीक होतात आणि माशाच्या पेशी फाटत नाहीत, हे त्याने ओळखले आणि परत जाऊन गोठवलेल्या अन्नाचा उद्योग उभा केला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी पेर शोलँडर हे नॉर्वेत वाढलेले शरीरशास्त्रज्ञ तिथल्याच माशांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यांचा प्रश्न होता, हे मासे जिवंतपणी गोठत कसे नाहीत? समुद्राचे पाणी खारट असल्याने शून्याखाली सुमारे १.८ अंशांपर्यंत द्रव राहते. माशाच्या रक्तात मीठ कमी, ते शून्याखाली एक अंशाच्या आसपासच गोठायला हवे. शोलँडर यांना दिसले, की खोल पाण्यातले मासे खरोखरच गोठणबिंदूच्या खाली, पण न गोठता पोहत असतात, आणि त्यांना बर्फाचा एक कण लावला, की क्षणात कडक होऊन मरतात. उथळ पाण्यातल्या माशांना मात्र बर्फ लावूनही काही होत नव्हते. त्यांच्या रक्तात काहीतरी होते.

ते काहीतरी शोधले आर्थर डिव्ह्रीज यांनी. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हे विद्यार्थी १९६१ साली अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर गेले आणि समुद्रावरच्या बर्फाला भोके पाडून मासे पकडू लागले. १९६९ साली त्यांनी आणि डोनाल्ड वोलश्लाग यांनी माशांच्या रक्तातल्या या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. ती एक साखर जोडलेली प्रथिनाची माळ होती. तीन-तीन अमिनो आम्लांची जोडणी पुन्हा पुन्हा, आणि दर तिसऱ्या मण्याला दोन साखरांचे लोलक. हे रेणू बर्फाच्या कणाला चिकटतात आणि त्याची वाढ अडवतात. मिठासारखे पाण्यात नुसते विरघळून गोठणबिंदू खाली ओढणे हे त्यांचे काम नव्हे.

मग एक गमतीची गोष्ट झाली. अमेरिकेतल्या बोल्डर येथील वातावरण संशोधन केंद्रात चार्ल्स नाइट हे गारा आणि बर्फ यांचे अभ्यासक होते. त्यांनी आणि डिव्ह्रीज यांनी मिळून १९८४ साली दाखवले, की माशाचा हा पदार्थ अत्यल्प प्रमाणात असला, लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम, तरी गोठलेल्या बर्फातले लहान स्फटिक लहानच राहतात. पुनर्स्फटिकीकरण ठप्प. ते तपासायची त्यांची रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. द्रावणाचा एक थेंब उंचावरून अतिथंड धातूच्या पत्र्यावर टाकायचा. तो आपटून पसरतो आणि बर्फाची पातळ टिकली होते, आत हजारो बारीक स्फटिक. ती टिकली मग शून्याखाली काही अंशांवर ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायची, स्फटिक वाढतात की नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत ही थेंब आपटण्याची चाचणी आजही वापरली जाते.

आइस्क्रीमवाल्यांच्या लक्षात हे यायला वेळ लागला नाही. माशाच्या अशा एका प्रथिनाची जनुके यीस्टमध्ये घालून ते तयार करण्यात आले. २००३ साली अमेरिकेत आणि २००९ साली युरोपीय संघात आइस्क्रीममध्ये ते वापरायला मोकळीक मिळाली. पण साखरेच्या माळांची बाजूही कमकुवत नव्हती. २००९ सालीच अलास्कातल्या एका भुंग्याविषयी शोधनिबंध आला. शून्याखाली साठ अंशांपर्यंत तग धरणाऱ्या या किड्यातून संशोधकांनी बर्फाला अडवणारा जो पदार्थ काढला, त्यात प्रथिन जवळजवळ नव्हतेच. तो मॅनोज आणि झायलोज या साखरांच्या माळेचा होता. बर्फ अडवायला प्रथिनच पाहिजे ही समजूत त्या किड्याने मोडली.

इथपर्यंत प्रश्न जिभेच्या चवीचा होता. आता मुंबईला येऊ, कारण यात जिवाचा प्रश्न कुठे आहे ते इथे दिसते.

१९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. जगात तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. आपल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर साखरांच्या छोट्या माळा असतात. त्यांच्या टोकाला कोणता मणी आहे, यावर ए की बी की ओ हे ठरते. बॉम्बे गटाच्या माणसांमध्ये या सगळ्यांच्या पायाशी असणारा फ्युकोज साखरेचा एक मणीच नसतो. एका मण्याचा फरक, पण या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही. फक्त बॉम्बेच चालते. भारतात दर दहा हजारांत साधारण एक जण या गटाचा असतो असा अंदाज आहे. इतर अनेक देशांत हे प्रमाण त्याहून कितीतरी कमी.

दाता मिळाला तरी रक्त ठेवायचे कसे? फ्रीजमध्ये लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. दुर्मीळ गटाचा रुग्ण मात्र तारीख पाहून अपघातात सापडत नाही. मग गोठवून ठेवावे, हे ओघाने येते. पण रक्त नुसते गोठवले, तर वितळताना पेशी फुटून लाल पाणी हाती येते.

यावरचा पहिला उपाय सापडला तो एका चुकीतून. लंडनजवळ मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज आणि ऑड्री स्मिथ हे अॅलन पार्क्स यांच्या हाताखाली कोंबड्याचे वीर्य गोठवण्याचे प्रयोग करत होते. लेव्ह्युलोज, म्हणजे फळातली साखर, वापरून पाहिली. यश नाही. काही महिन्यांनी शीतगृहात ठेवलेली तीच बाटली काढून पुन्हा प्रयोग केला, तर शुक्राणू वितळल्यावर चक्क हालचाल करू लागले. आनंदाने नवी लेव्ह्युलोज आणली, तर पुन्हा अपयश. तेव्हा बाटलीत उरलेला थोडासा द्रव तपासायला दिला. त्यात साखर नव्हतीच. ते ग्लिसरॉल आणि थोडे अल्ब्युमिन होते, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर नमुने चिकटवायचे द्रावण. लेबलांची अदलाबदल झाली होती. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. १९५१ साली मॉलिसन आणि स्लोव्हिटर यांनी ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या मानवी लाल पेशी माणसाला यशस्वीपणे दिल्या. पाणी गोठताना उरलेल्या द्रवात मीठ दाटते आणि पेशीचे आवरण त्याने खराब होते, ग्लिसरॉल हे दाटणे कमी करते, असा खुलासा १९५३ साली जेम्स लव्हलॉक यांनी केला. पृथ्वी हीच एक सजीव व्यवस्था आहे असे पुढे मांडणारे लव्हलॉक ते हेच.

ग्लिसरॉलने दुर्मीळ रक्त उणे ६५ अंशांच्या खाली दहा वर्षे ठेवता येऊ लागले. पण त्यासाठी ते रक्तात ४० टक्क्यांपर्यंत घालावे लागते, आणि ते पेशीच्या आत शिरते. अशी पेशी तशीच शिरेत सोडली, तर पाणी आत घुसून ती फुगते आणि फुटते. म्हणून वितळल्यावर टप्प्याटप्प्याने, खास यंत्रावर ती धुवावी लागते. त्यात तासभर किंवा अधिक वेळ जातो, काही पेशी वाया जातात. आणि साध्या उघड्या पद्धतीने धुतले असेल, तर धुतलेली पिशवी चोवीस तासांत वापरावी लागते. शल्यविशारद ऑपरेशनच्या टेबलाजवळ उभे आहेत आणि रक्त अजून धुतले जात आहे, या चित्रात जो ताण आहे तो मला वेगळा सांगायला नको.

इथे साखरेच्या माळा पुन्हा येतात. पेशीच्या आत शिरणार नाही, म्हणजे धुवावा लागणार नाही, असा पदार्थ हवा होता. माळ लांब असली की ती पेशीच्या आवरणातून आत जात नाही. १९६७ साली अमेरिकेत क्नॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हायड्रॉक्सिइथाइल स्टार्चचे नाव पुढे केले. मक्याच्या किंवा ज्वारीवर्गातल्या धान्याच्या स्टार्चला इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून हा पदार्थ होतो. साधा स्टार्च रक्तात घातला, तर रक्तातली विकरे, तीच जी लाळेत असतात, त्याचा चट्टामट्टा करतात. जोडलेल्या तुकड्यांमुळे त्यांना पकड मिळत नाही. रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरांमध्ये द्रवाचे प्रमाण टिकवायला तो सलाइनसारखा दिला जात होताच. म्हणजे तो शरीरात जायला हरकत नाही, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटत होते. माशाच्या रेणूसारखा तो बर्फाला चिकटून बसत नाही. तो पेशींबाहेरचा द्रव इतका दाट करतो, की थंड होता होता त्याची काच बनते आणि बर्फाला हातपाय पसरायला जागा उरत नाही. १९९०च्या दशकात जर्मन डॉक्टरांनी अशा प्रकारे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले रक्त, न धुता, स्वयंसेवकांना त्यांचे त्यांनाच परत दिले. काही पेशी फुटल्या, पण प्रयोग पार पडला. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी गोठवायलाही हा स्टार्च वापरात आला.

पुढचे वळण या पदार्थाच्या दुसऱ्या कामातून आले. २०१२ साली अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. जंतुसंसर्गाने अत्यवस्थ असलेल्या ज्या रुग्णांना हा स्टार्च दिला होता, त्यांच्यात मूत्रपिंडांवर उपचार करावे लागण्याचे प्रमाण जास्त होते, आणि एका चाचणीत मृत्यूंचेही. २०१३ साली अमेरिका आणि युरोपमधल्या औषध नियंत्रकांनी कडक इशारे दिले. २०२२ साली युरोपीय संघाने शिरेतून देण्याच्या या द्रावणांची परवानगी स्थगित केली. गोठवलेल्या रक्ताच्या एखाद्या पिशवीतून जाणारा स्टार्च आणि अतिदक्षता विभागात लिटरच्या हिशोबात दिलेला स्टार्च यांत फरक आहे, हे खरे. पण ज्या पदार्थावर एकदा असा शिक्का बसला, तो न धुता रुग्णाला द्यायला कोणती रक्तपेढी पुढे येईल? मला विचाराल तर या स्टार्चचा निकाल बर्फाच्या परीक्षेत लागलाच नाही, तो दुसऱ्याच परीक्षेत नापास झाला. त्यात नियंत्रकांचे चुकले असेही मी म्हणणार नाही.

त्यामुळे शोध परत मूळ प्रश्नापाशी आला आहे. बर्फ होऊ द्यायचा, पण वाढू द्यायचा नाही, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. वितळतानाचा काळ सर्वांत धोक्याचा, कारण तापमान वर चढताना लहान स्फटिक विरघळून मोठे होतात आणि पेशींना चिरडतात. आइस्क्रीमच्या डब्यात चार दिवसांत घडते ते पिशवीत काही मिनिटांत. ओटावा विद्यापीठातील रॉबर्ट बेन यांच्या गटाने माळ सोडून तिचा एकच मणी घेतला. ग्लुकोजच्या रेणूला एक छोटे कडे जोडून त्यांनी बर्फाची वाढ अडवणारे पदार्थ तयार केले, आणि २०१५ साली दाखवले, की ते घातल्यास लाल पेशी ४० ऐवजी १५ टक्के ग्लिसरॉलमध्येही गोठवता येतात. ग्लिसरॉल कमी म्हणजे धुणे कमी. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली सेल्युलोजचेच अतिसूक्ष्म तंतू घेतले, त्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने ऋणभार चढवला, आणि हे तंतू बर्फाचे पुनर्स्फटिकीकरण रोखतात असे दाखवून दिले. भार चढवलेले सेल्युलोज म्हणजे काकूच्या पुडीतल्या पावडरीचे जवळचे नातलग. पुडीतली पावडर सरळ रक्तात घालता येणार नाही हे उघड आहे. पोटात गेलेली गोष्ट आणि शिरेत गेलेली गोष्ट यांत फार अंतर असते.

हे नवे पदार्थ अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर आहेत. दुर्मीळ गटाचे रक्त गोठवून ठेवलेले असते, त्या पिशव्यांमध्ये १९४९ साली चुकीच्या लेबलाच्या बाटलीत सापडलेले ग्लिसरॉलच असते, आणि गरज पडली की कोणीतरी तंत्रज्ञ घड्याळाकडे नजर ठेवून ते धूत बसलेला असतो.